आवाजातून घडलेला चेहरा : पीटर सॅलिस यांच्याविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नातवंडांबरोबर 'वॉलेस अँड ग्रॉमिट'चे लघुपट पाहिले. त्यातील चीजवेड्या वॉलेसचा आवाज ज्या नटाचा आहे, त्याची माहिती द्यावी. त्यांनी इतर कोणती कामे केली? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : हा आवाज पीटर सॅलिस यांचा. वॉलेसच्या बोलण्यात उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशायरचा हेल इतका मुरलेला आहे की ते त्याच भागातले असावेत असे वाटते. प्रत्यक्षात त्यांचा जन्म १ फेब्रुवारी १९२१ रोजी लंडनला लागून असलेल्या ट्विकनहॅम येथे झाला. वडील बँकेत होते आणि शाळा संपल्यावर मुलगाही बँकेतच चिकटला. दुसरे महायुद्ध झाले नसते, तर कदाचित ते तिथूनच निवृत्त झाले असते. प्रकृतीच्या कारणाने हवाई दलात त्यांना विमानावर घेतले नाही. क्रॅनवेल येथील तळावर ते बिनतारी यंत्रणेचे शिक्षक झाले, आणि तिथल्याच हौशी नाटकात प्रमुख भूमिका वाट्याला आल्यावर त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. युद्धानंतर त्यांनी लंडनच्या 'राडा' या नाट्यशिक्षण संस्थेत प्रशिक्षण घेतले आणि १९४६ मध्ये व्यावसायिक रंगभूमीवर पाऊल ठेवले.

पुढची पंचवीस-सव्वीस वर्षे त्यांनी ज्याला आपण चरित्र अभिनेता म्हणतो त्या प्रकारचे काम केले. नायकाच्या आसपास वावरणारी, नाटक पुढे नेणारी माणसे त्यांनी उभी केली. ऑर्सन वेल्स यांनी १९५५ मध्ये लंडनमध्ये केलेल्या 'मॉबी डिक'च्या नाट्यप्रयोगात ते होते. १९६८ मध्ये 'कॅबरे' या संगीतिकेत ज्युडी डेंच यांच्यासह त्यांनी काम केले. दूरचित्रवाणीवरच्या 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा मालिकेतही ते दिसले. यांपैकी कोणत्याही एका कामाने त्यांचे नाव घरोघरी पोहोचले नाही, परंतु मोजक्या शब्दांत आणि आवाज न चढवता माणूस उभा करण्याची जी ताकद पुढे दिसते, ती याच काळात कमावलेली आहे, असे माझे मत आहे.

प्रश्न : आपल्याकडे परभाषेतील चित्रपट डब करतात, तसाच या मातीच्या बाहुल्यांवरही नंतर आवाज चढवतात का? (एक वाचिका, सांगली)

उत्तर : नाही, आणि हा फरक नीट समजून घेण्यासारखा आहे. डबिंगमध्ये चेहरा आधीच तयार असतो आणि कलावंताला त्या ओठांच्या मापात बोलावे लागते. मातीच्या बाहुल्यांच्या चलत्पटात क्रम उलटा असतो. आधी संवाद ध्वनिमुद्रित होतात, मग ते ध्वनिमुद्रण बारकाईने ऐकून कोणत्या चौकटीत (फ्रेममध्ये) कोणता उच्चार येतो याचा तक्ता तयार केला जातो, आणि त्याबरहुकूम बाहुलीच्या तोंडाचा आकार बदलत एकेक चौकट टिपली जाते. पडद्यावरच्या एका सेकंदाला चोवीस चौकटी लागतात. म्हणजे नटाने घेतलेला श्वास, एखाद्या स्वरावर लावलेला रेंगाळ, हे सारे हाताने घडवणाऱ्याला त्या बाहुलीच्या चेहऱ्यावर उतरवावे लागते.

सॅलिस यांच्या बाबतीत तर याहूनही पुढची गोष्ट घडली. वॉलेस आणि ग्रॉमिट यांचे जनक निक पार्क हे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बीकन्सफील्डच्या चित्रपट प्रशिक्षण संस्थेत विद्यार्थी होते. त्यांनी आपल्या पहिल्या लघुपटासाठी सॅलिस यांना विचारले आणि पार्क यांनी सॅलिस यांच्या आवडीच्या धर्मादाय संस्थेला पन्नास पौंडांची देणगी द्यावी, एवढ्याच मोबदल्यात सॅलिस यांनी होकार दिला. पार्क यांच्या मनात वॉलेस यॉर्कशायरशेजारच्या लँकेशायरचा होता. सॅलिस यांना यॉर्कशायरचा हेल जमत होता, म्हणून वॉलेस तसा बोलू लागला. घरातले चीज संपले आहे हे सांगताना सॅलिस यांनी 'चीज' शब्दातला 'ची' असा काही ताणला की, तो दाखवायचा तर बाहुलीचे तोंड या गालापासून त्या गालापर्यंत फाकवावे लागेल, हे पार्क यांच्या लक्षात आले. आज ज्या रुंद, दातांच्या हसण्यावरून वॉलेस जगभर ओळखला जातो, ते हसणे त्या एका उच्चारातून आले. वॉलेसचा कुत्रा ग्रॉमिट यालाही आवाज देण्याचा विचार होता, पण त्याच्या भुवयाच पुरेशा बोलक्या निघाल्यामुळे तो मुका राहिला. परिणामी संवादांचा सगळा भार सॅलिस यांच्यावर आला. 'द राँग ट्राउझर्स' (१९९३) पुन्हा पाहा : चोर पेंग्विन मुका, कुत्रा मुका, आणि अख्ख्या अर्ध्या तासात बोलणारा माणूस एकच. तरीही पडद्यावर एकच जण बोलतो आहे, हे लक्षातही येत नाही. आवाजाच्या कामाला दुय्यम मानणाऱ्यांनी हा लघुपट अवश्य पाहावा.

पहिला लघुपट 'अ ग्रँड डे आउट' पूर्ण व्हायला १९८९ साल उजाडले. तोवर पार्क ब्रिस्टलच्या आर्डमन या चलत्पट बनवणाऱ्या संस्थेत गेले होते. 'द राँग ट्राउझर्स' आणि 'अ क्लोज शेव्ह' (१९९५) या लघुपटांना, तसेच २००५ च्या 'द कर्स ऑफ द वेअर-रॅबिट' या पूर्ण लांबीच्या चित्रपटाला ऑस्कर मिळाले. २००८ चा 'अ मॅटर ऑफ लोफ अँड डेथ' हा सॅलिस यांच्या आवाजातला शेवटचा वॉलेसपट.

प्रश्न : एकाच मालिकेत सदतीस वर्षे एकच भूमिका केल्याने कलावंत खुंटत नाही का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : आपला रोख 'लास्ट ऑफ द समर वाइन' या बीबीसीच्या विनोदी मालिकेकडे आहे. रॉय क्लार्क यांनी लिहिलेली ही मालिका १९७३ ते २०१० अशी चालली. तिच्या २९५ भागांपैकी प्रत्येक भागात दिसलेला एकमेव नट म्हणजे सॅलिस. यॉर्कशायरमधील होमफर्थ गावात चित्रित झालेल्या या मालिकेत ते नॉर्मन क्लेग हा बायकांना बिचकणारा, मवाळ विधुर साकारत. आरंभीच्या त्रिकुटात त्यांच्याबरोबर बिल ओवेन आणि मायकेल बेट्स होते. यातील बेट्स यांचा जन्म झाशीचा, हे आपल्याकडच्या वाचकांना ठाऊक असावे म्हणून सांगतो.

खुंटण्याविषयी बोलायचे तर, मला तसे वाटत नाही. सोबती बदलत गेले, काही निवर्तले, आणि क्लेग वयाच्या पन्नाशीपासून नव्वदीच्या उंबरठ्यापर्यंत प्रेक्षकांसमोर म्हातारा झाला. त्याच काळात सॅलिस 'द विंड इन द विलोज'च्या बाहुलीपटात उंदराचा आणि पुढे वॉलेसचा आवाज देत होते. क्लेगचा संकोच आणि वॉलेसचा भाबडा उत्साह शेजारी ठेवून ऐकले, म्हणजे एकाच गळ्याचा आवाका कळतो. उतारवयात त्यांची दृष्टी मंदावत गेली. २ जून २०१७ रोजी, वयाच्या ९६ व्या वर्षी, नटांसाठी असलेल्या डेन्व्हिल हॉल या वृद्धाश्रमात त्यांचे निधन झाले. होमफर्थजवळच्या अपरथाँग येथे बिल ओवेन यांच्या शेजारीच त्यांचे दफन झाले.

प्रश्न : आता वॉलेसला आवाज कोण देते? (एक वाचिका, पुणे)

उत्तर : बेन व्हाइटहेड. सॅलिस यांच्या निवृत्तीनंतर छोट्या कामांतून त्यांनी ही जबाबदारी उचलली, आणि २०२४ च्या अखेरीस आलेला 'व्हेन्जन्स मोस्ट फाउल' हा त्यांच्या आवाजातला पहिला मोठा वॉलेसपट ठरला. तो ऐकताना सॅलिस यांनी घालून दिलेला हेल आणि ताणलेले स्वर जसेच्या तसे जपलेले जाणवतात.