सिंकचा गंजून बसलेला जुना नळ भिंत न फोडता कसा काढावा?

आपण विचारले आहे की सिंकवरचा, भिंतीतून आलेला पंचवीस वर्षांचा पितळी नळ जागचा हलत नाही, तर त्यासाठी किती इंची पान्हा घ्यावा. अर्ध्या इंचाच्या नळाला दहा इंची पाइप पान्हा पुरतो. घरात अठरा इंची असेल तर तो आधी शेजाऱ्यांकडे ठेवून यावा.

हे मी ठामपणे लिहितो, कारण २०११ साली गणपतीच्या दोन दिवस आधी आमच्या डोंबिवलीच्या घरात हेच काम निघाले होते. इमारत १९८४ सालची, भिंतीत जीआय म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप आणि त्यावर पितळी नळ. लोखंड आणि पितळ पाण्यात एकत्र आले की लोखंड झिजते आणि त्याचा गंज आट्यांत भरून बसतो. त्यातून त्या काळच्या प्लंबरने लावलेला सूत-सफेदा, म्हणजे जोड गळू नये म्हणून आट्यांवर गुंडाळलेला दोरा आणि पांढरा लेप, पार दगड झालेला. मी आदल्या रात्री जोडावर गंज सोडवणारे तेल मारले होते आणि सकाळी पुन्हा मारून संध्याकाळपर्यंत थांबावे, असे माझे म्हणणे होते. माझ्या थोरल्या मेहुण्यांनी, “तेलात पुऱ्या तळतात, नळ निघत नाहीत,” असे म्हणून पान्ह्याच्या दांड्यावर हातभर लांबीचा पाइप चढवला आणि अंगाचा सगळा भार टाकला. कट्‌ असा आवाज झाला, नळ फिरला आणि घरात सर्वांनी हुश्श केले. प्रत्यक्षात नळासोबत भिंतीतला एल्बो, म्हणजे नळ ज्यात बसतो तो कोपरासारखा वाकलेला लोखंडी जोड, फिरला होता. वरचा कॉक उघडताच टाइलच्या सांध्यांतून पाणी पाझरू लागले. चार टाइल फोडाव्या लागल्या, त्या रंगाच्या पुन्हा मिळाल्या नाहीत, आणि गौरीच्या नैवेद्याची भांडी न्हाणीघरात घासावी लागली.

तेव्हा तेल मारून एक रात्र थांबावे, आणि पहिला जोर सोडवण्याच्या नव्हे तर आवळण्याच्या दिशेने, अगदी केसभर द्यावा. गंजाची पकड तिथेच सुटते. मग उलट फिरवावे, पुन्हा किंचित आवळावे, असे मागेपुढे करत राहावे. ज्योतीने तापवण्याचा सल्ला देणाऱ्यांना पितळ लोखंडापेक्षा अधिक प्रसरण पावते हे ठाऊक नसावे: आतला पितळी भाग तापताना उलट घट्टच बसतो. थंड होताना पकड सैल होते हे मान्य, पण तोवर टाइल तडकलेली असते.

नळ तुटून आट्यांचा तुकडा एल्बोत राहिला, तरी भिंतीला हात लावू नये. हॅक्सॉचे, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीचे, ब्लेड हाताने धरून तुकड्याला आतून दोन चिरा पाडाव्यात आणि छिन्नीने मधला भाग आत वळवून काढावा. पिवळा कीस पडतो तोवर निर्धास्त राहावे. कीस काळपट दिसू लागला की ब्लेड एल्बोच्या लोखंडाला लागले, तेथेच थांबावे.

एक सांगायचे राहिले. नळ भिंतीत नसून सिंकच्याच पत्र्यावर बसवलेला असेल, तर वरीलपैकी तेलाखेरीज फारसे काही लागू नाही. तिथे खालून नट सोडवावा लागतो. आणि पाइप आतूनच पोखरलेला असेल, तर कितीही हळुवार हात लावला तरी तो तुटू शकतो.

मेहुणे आजही म्हणतात की एल्बो आधीच तडकलेला होता. तो मी माळ्यावर जपून ठेवला आहे. त्याची तुटलेली कड एका बाजूला बोटभर तांबूस आहे, हे मी नाकारत नाही. उरलेली सगळी कड मात्र त्या दिवशी ताजी, राखाडी, चकचकीत होती, आणि ती त्यांना मी तेव्हाच बॅटरीच्या उजेडात दाखवली होती.