बेकिनकेरे, कुद्रेमनी, देवरवाडी: गावं मराठी, मग नावं कन्नड कशी?

तुम्ही विचारलंय की तुमचं आजोळ बेळगावजवळचं बेकिनकेरे, तिथं घरोघरी मराठी बोलतात, मग गावाचं नाव कन्नड कसं? राज्य बदलल्यावर कुणी ते बदललं का?

नाही, बदललेलं नाही. नाव जुनं आहे आणि ते कन्नडच आहे. 'बेक्कु' म्हणजे मांजर, 'बेक्किन' म्हणजे मांजराचं, आणि 'केरे' म्हणजे मातीचा बांध घालून पाणी अडवलेलं तळं. कुठलं मांजर, कुणाचं मांजर, याच्या गोष्टी प्रत्येक गावात सापडतात. मी त्यात फार अडकत नाही. नावाचा शेवटचा तुकडा धरावा, तो जमिनीकडे नेतो. त्याच भागातल्या कल्लेहोळ गावाच्या नावातला 'होळ' म्हणजे 'होळे', वाहतं पाणी, आणि 'कल्लु' म्हणजे दगड. राकसकोपमधलं 'कोप' म्हणजे लहानशी वस्ती. कुद्रेमनीतली 'मनी' म्हणजे 'मने', घर. त्याच्या आधी आहे 'कुदुरे', म्हणजे घोडा.

यात एक बारीक गोष्ट मला फार आवडते. उत्तर कर्नाटकातल्या बोलीत शब्दाच्या शेवटचा 'ए' बोलताना 'ई' होतो. 'मने'ची 'मनी' झाली ती अशी, आणि 'केरे'चं 'केरी'ही. म्हणून सरकारी कन्नडमध्ये तुमचं गाव बेक्किनकेरी आहे. आपण मात्र बेकिनकेरे म्हणतो. म्हणजे कन्नड शब्दाचं ग्रंथातलं रूप मराठी माणसांच्या तोंडात टिकलं!

माझं गाव त्याच पट्ट्यातलं, साठेक उंबऱ्यांचं. एका पावसाळ्यात काकांचा फोन आला, "केरीतल्या शेतात चिखल करूलालोय, येतोस न्हवं?" लहानपणापासून ते शेत मी 'केरीतलं' म्हणूनच ऐकत आलो होतो. शब्द कन्नड आहे हे काकांच्या मनातही कधी आलं नसेल. आमचं बाकीचं शिवार तांबड्या मातीचं. त्या एका तुकड्यात पाय घातला की पोटरीपर्यंत काळा, चिकट गाळ लागतो. त्या दिवशी नांगराच्या तासात बोटाच्या पेराएवढे पांढरे शंख वर आले, पाण्यातल्या गोगलगायींचे. वरच्या अंगाला बांध अजून आहे, त्यावरून बैलगाडीची वाट जाते. तळं कधीच बुजलं होतं, पण शेताच्या नावात ते तसंच राहिलं होतं. तेव्हापासून मी गावातल्या शेतांची नावं वहीत लिहून ठेवायला लागलो.

आता सीमेबद्दल. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तालुका त्यातून निघून कोल्हापूर जिल्ह्यात आला. आपल्या गावांमधून ओढलेली रेघ ती ही. पण रेघेच्या पलीकडे, चंदगड तालुक्यात, वैजनाथाची देवरवाडी आहे, तिचं नाव बघा. 'देवर' हे कन्नड, म्हणजे देवाची. 'वाडी' आपली. एकाच नावात दोन्ही भाषा, आणि गाव महाराष्ट्रात.

खुद्द बेळगाव घ्या. शिलालेखांत ते वेणुग्राम, वेळुग्राम असं येतं. वेळू म्हणजे बांबू, तो शब्द आपल्यालाही परका नाही. शब्दाच्या सुरुवातीच्या 'व'चा 'ब' होणं ही कन्नडची जुनी खोड आहे. म्हणजे २०१४ साली सरकारी नाव बेळगावी झालं तेव्हा ज्या 'बेळगाव'साठी आपला जीव तुटला, त्यातला 'ब'सुद्धा कन्नडच्या वाटेनं आलेला. तसंच खानापूर तालुक्यातलं हलशी. कदंब राजांच्या ताम्रपटांत ते पलाशिका आहे, पळसावरून पडलेलं नाव. जुन्या कन्नडमधल्या 'प'चा पुढे 'ह' झाला आणि पलाशिकेची हलशी झाली.

हे लिहिलं की आमच्याच भागातली काही माणसं नाराज होतात. नाव कन्नड म्हटलं तर सीमाप्रश्नातली आपली बाजू लंगडी पडेल, अशी त्यांना भीती वाटते. मला ती भीती अजिबात पटत नाही. आपलं म्हणणं आज त्या गावात राहणाऱ्या माणसांच्या भाषेवर उभं आहे. आमच्या जमिनीचा उतारा कन्नडमध्ये निघतो आणि काकांना तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, हा खरा अन्याय आहे, आणि तो सांगायला गावाच्या नावाला ओढूनताणून मराठी किंवा संस्कृत मूळ चिकटवायची काही गरज नाही. अण्णा, अक्का, अप्पा या हाकासुद्धा कन्नडमधूनच आल्यात. म्हणून आपण त्या मारायच्या थांबलो का?

अर्थ शोधताना दोन कामं करा. गावाचं नाव जुन्यातल्या जुन्या लेखात कसं लिहिलंय ते बघा, कारण आजच्या उच्चारावरून अंदाज बांधला की हमखास फसगत होते. आणि आजोळी सत्तरीच्या पुढचं जे कुणी असेल, त्यांच्याबरोबर एकदा शिवारात चालून या. रताळी काढायच्या दिवसांत गेलात तर सगळे रानातच भेटतील. कुठल्या तुकड्याला काय म्हणतात ते विचारा आणि ते म्हणतील तसंच लिहा, शुद्ध करू नका. बेळगावच्या आसपासच्या रानांचे प्लॉट पडले की त्यांना कुठलं तरी 'नगर' असं नाव मिळतं आणि जुनं पुसलं जातं. तुमच्या गावचं केरे नेमकं कुठल्या अंगाला होतं आणि त्याचा बांध अजून दिसतो का, हे कळलं तर इथंच खाली लिहा. मला वहीत टिपून ठेवायचंय.