रक्तातल्या मायक्रोआरएनएवरून पार्किन्सन्स कळतो का?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, बाबा ६६ वर्षांचे, एसटीतून निवृत्त. गेल्या वर्षी उजवा हात कापायला लागला, अक्षरही बारीक झालं. धंतोलीतल्या मेंदुविकारतज्ज्ञांनी पार्किन्सन्स सांगून लेव्होडोपा हे औषध सुरू केलं. बाबा म्हणतात, "मले काही झालं नाही, हात तेवढा कापते." चुलतभाऊ बायोटेक्नॉलॉजी शिकतो. तो म्हणतो, खरं कारण मेंदूतला दाह आणि मायक्रोआरएनए. एका लॅबवाल्याने रक्तातल्या मायक्रोआरएनएची महागडी तपासणीही सुचवली आहे. ती करावी का? आणि दाहच असेल तर आयब्युप्रोफेन ही दाहावरची वेदनाशामक गोळी का देऊ नये? मामाजींनी खाजकुहिलीचं चूर्णही आणून ठेवलंय.
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : भावाचं वाचन चांगलं आहे, लॅबवाल्याचा सल्ला मात्र ऐकू नका. ते पैसे बाबांच्या फिजिओथेरपीला लावा.

मध्यमेंदूत सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा काळसर पट्टा असतो. तिथल्या डोपामिन हे हालचालींना लागणारं रसायन तयार करणाऱ्या पेशी या आजारात मरत जातात आणि उरलेल्यांत अल्फा-सायन्युक्लिन या प्रथिनाच्या गाठी साचतात. मेंदूची राखण करणाऱ्या मायक्रोग्लिया पेशी या गाठींनी आणि मेलेल्या पेशींच्या कचऱ्याने खवळतात. मग त्या टीएनएफ, इंटरल्यूकिन-१ बीटा अशी दाह वाढवणारी रसायनं सोडतात आणि शेजारच्या धडधाकट पेशीही त्यात सापडतात. रुग्णांच्या मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंत अशा खवळलेल्या मायक्रोग्लिया कॅनडातल्या पॅट्रिक मॅकगीर यांच्या गटाने १९८८ मध्ये दाखवल्या. आधी पेशी मरतात की आधी दाह होतो, हा वाद अजून मिटलेला नाही. मला विचाराल तर एकदा पेटल्यावर दाह स्वतःच्या बळावर चालू राहतो. कॅलिफोर्नियात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला काही जणांनी एमपीटीपी हे विष मिसळलेला नशेचा पदार्थ टोचून घेतला आणि त्यांना पार्किन्सन्ससारखा आजार जडला. विष केव्हाच निघून गेलं होतं, तरी कित्येक वर्षांनी त्यांच्यातल्या काहींच्या मेंदूत मायक्रोग्लिया खवळलेल्याच सापडल्या.

आता मायक्रोआरएनए. जनुकाकडून पेशीला 'अमुक प्रथिन बनव' असा निरोप जातो. मायक्रोआरएनए म्हणजे सुमारे २२ रासायनिक अक्षरांचा आरएनएचा तुकडा, तो त्या निरोपाला चिकटतो आणि काम थांबवतो. लग्नघरात आचाऱ्याकडे निघालेली चिठ्ठी मधेच अडवून "आता पुरे" म्हणणारे एक काकाजी असतात ना, तसा. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकन यांनी १९९३ मध्ये एका इवल्याशा कृमीत तो शोधला. नोबेल मिळालं २०२४ मध्ये. पार्किन्सन्सशी संबंध असा (एमआयआर म्हणजे मायक्रोआरएनए) : एमआयआर-७ अल्फा-सायन्युक्लिनचा निरोप अडवतो, एमआयआर-१२४ मायक्रोग्लियांना शांत ठेवतो आणि एमआयआर-१५५ त्यांना भडकवतो. एमआयआर-१५५ काढून टाकलेल्या उंदरांच्या मेंदूत अल्फा-सायन्युक्लिन वाढवलं, तेव्हा दाह कमी झाला आणि पेशीही वाचल्या. उद्याचं औषध या वाटेने येईल, अशी मला आशा आहे.

रक्ताच्या नमुन्यात हे सगळं इतकं सरळ दिसत नाही. रक्तातले पुष्कळ मायक्रोआरएनए तांबड्या पेशींतून आणि इतर अवयवांतून आलेले असतात. नमुना नीट हाताळला नाही, थोड्या तांबड्या पेशी फुटल्या, की आकडा बदलतो. एका अभ्यासात वाढलेला रेणू दुसऱ्या अभ्यासात घटलेला निघतो. किती आकडा म्हणजे आजार, ही सीमारेषाच ठरलेली नाही. बाबांचं निदान हालचालींतली मंदी, कंप, ताठरपणा तपासून होतं, आणि लेव्होडोपाने हात सुटला तर ते आणखी पक्कं होतं.

आयब्युप्रोफेन देऊ नका. ते नेमाने घेणाऱ्यांत पार्किन्सन्स थोडा कमी दिसला, असं काही निरीक्षणांत आढळलं. आजार झाल्यावर त्याने तो थांबतो, याला पुरावा नाही. या वयात मूत्रपिंड आणि जठर दोन्हींना धोका, त्यातही बीपीच्या गोळ्या चालू असतील आणि नागपूरचा मे महिना असेल तर फारच.

खाजकुहिलीला मी हसणार नाही. तिच्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असतं, अडचण तीच आहे. गोळी आणि चूर्ण मिळून डोस किती झाला, हे कुणालाच कळत नाही. तो जास्त झाला तर अंग नको तिथे हलायला लागतं, उभं राहताना चक्कर येते, भासही होतात. डब्बा डॉक्टरांना दाखवा, तोवर मामाजींना चहा पाजा.

मळमळ झाली तर मेडिकलवाल्याकडून मेटोक्लोप्रामाइड आणू नका, त्याने पार्किन्सन्स वाढतो. लेव्होडोपाची गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी द्या. वरण, दूध, अंडं यांतली प्रथिनं तिचं शोषण अडवतात. गोळी कधी घेतली, हात कधी सुटला आणि पुन्हा कधी जखडला, हे आठवडाभर वहीत लिहा. बाबांनाच लिहू द्या. बारीक होत जाणारं अक्षरही डॉक्टरांना बघता येईल.