ड्युटीवरच्या सैनिकांनी गाण्यांची नक्कल करून व्हिडिओ काढणं शोभतं का?

"हे सीमेवर लढायला जातात की नाचायला?" असं तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय. अगदी हेच वाक्य मी माझ्या दाजींच्या तोंडून ऐकलंय, म्हणून जरा लांबण लागली तर चालवून घ्या.

१७ वर्षं फौजेत काढून आता दिघीला राहतो. २०१५ च्या हिवाळ्यात आमची पोस्ट अशी होती की रस्ता बर्फाने बंद, नेटवर्क नाही, बुखारीभोवती (खोली गरम ठेवायची शेगडी) तेच सात चेहरे. पत्ते इतके खेळलो की बदामची राणी घरातली वाटायला लागली. एकाच्या मोबाईलमध्ये एका हिट गाण्याचा व्हिडिओ होता, तो बघून बघून स्टेप पाठ झाल्या, मग म्हटलं आपणच काढू. हिरोईन आमचा सहा फुटी लंगर कमांडर, म्हणजे स्वयंपाकघर सांभाळणारा, मिशी तशीच, ब्लँकेटचा घागरा आणि वेणी म्हणून माझ्या आईने विणलेला मरून मफलर. ढोलकीला रिकामा जरीकॅन, मागे आम्ही तिघं पळ्या घेऊन. गिरकी घेताना हिरोईन बर्फात कंबरेपर्यंत रुतली ते पण ठेवलं.

सुट्टीवर निघालेल्या एकाने तो खाली नेला आणि मी पुण्यात पोचायच्या आधी व्हिडिओ पोचला. मी आल्यावर पहिल्याच जेवणाला दाजी सगळ्यांसमोर, "टॅक्स यासाठी भरतो का आम्ही?" मी गप्प. आईने मोबाईल घेतला, थांबवून डोळ्यांजवळ नेला, म्हणाली, "मफलर घालत नाही म्हणून उगाच बोलत होते मी याला," आणि परत पहिल्यापासून लावला.

तर का करतात? कंटाळा, दुसरं काय. २००५ मध्ये इराकमधल्या ब्रिटिश जवानांनी 'अमारिलो' गाण्यावर केलेला व्हिडिओ ईमेलवर इतका फिरला की त्यांच्या संरक्षण मंत्रालयाचे कॉम्प्युटर बसले. २०१० ला अफगाणिस्तानातल्या अमेरिकन पोरांनी लेडी गागाच्या 'टेलिफोन'वर केला, जगभर गाजला. त्याच वर्षी इस्रायली सैनिक पॅलेस्टिनींच्या हेब्रॉन शहरात गस्त घालता घालता भर रस्त्यात नाचले, तिथे मात्र मी दाजींच्या बाजूने आहे. दुसऱ्याच्या दारात बंदूक घेऊन नाचायचं नसतं.

आणि हो, हे वाचून कोणी फौजी रील काढायला जाऊ नका. २०२० मध्ये फौजेत फेसबुक, इन्स्टासकट ८९ अॅप काढून टाकायचा हुकूम निघाला, तो उगाच नाही. आमच्याही व्हिडिओत मागे बंकरचं तोंड दिसत होतं, त्याबद्दल सीओ साहेबांनी (पलटणीचे प्रमुख) जो प्रसाद दिला तो हक्काचा होता. पण ते सुरक्षेसाठी. शोभण्या-न शोभण्याचा मुद्दा ज्यांनी काढला त्यांनी आमच्या व्हिडिओच्याच वर्षी लक्ष्मी रोडला डीजेपुढे डोक्याला रुमाल बांधून दोन तास नागीण केली होती.

दाजी, वाचत असाल तर तो व्हिडिओ पण आहे माझ्याकडे.