‘कशावरून?’ विचारत जा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले आणि तेव्हापासून मी ते हाताशीच ठेवले आहे. सातवीच्या वर्गाला तू रवींद्रनाथ टागोरांची ‘काबुलीवाला’, म्हणजे लेकीला मुलखात ठेवून कलकत्त्यात सुकामेवा विकणारा रहमत आणि तिथली छोटी मिनी यांच्या मैत्रीची गोष्ट, मराठीतून वाचून दाखवलीस, नंतर ‘या गोष्टीत एकटे कोण आहे?’ असा प्रश्न सोडवायला दिलास, आणि बहुतेक वह्यांत ‘रहमत’ हे अपेक्षित उत्तर आले. एका मुलीने मात्र ‘रहमतची मुलगी’ असे लिहिले. ती मुलगी गोष्टीत एकदाही समोर येत नाही, तिच्या तोंडी एक शब्दही नाही. तुझ्या शाळेतले ज्येष्ठ सहकारी म्हणतात की उत्तर चूक, शून्य गुण. प्रशिक्षणात तुला सांगितले होते की मुलांचे प्रत्येक उत्तर स्वीकारावे. या दोहोंच्या कात्रीत तू सापडलीस आणि मला विचारतेस की तिला गुण किती द्यावेत.

या प्रश्नाने मी नाराज झाले, हे लपवत नाही. ते उत्तर वाचल्यावर तू त्या मुलीला ‘कशावरून?’ असे विचारलेस का? चार पानांच्या पत्रात सहकाऱ्यांचे म्हणणे आहे, प्रशिक्षणातले म्हणणे आहे, तुझी घालमेल आहे. त्या मुलीचे म्हणणे मात्र कुठेच नाही. दोन मोठी माणसे तिच्या उत्तराबद्दल वाद घालत राहिली आणि जिचे उत्तर, तिला कोणी काही विचारलेच नाही.

तुझे सहकारी आणि तुझे प्रशिक्षक एकमेकांच्या विरुद्ध बोलत आहेत असे तुला वाटते, पण माझ्या लेखी दोघांच्या सल्ल्याचा परिणाम एकच आहे. फुली मारली की मूल गाईड उघडते. विचारपूस न करता ‘छान’ म्हटले की गोष्ट पुन्हा उघडण्याचे त्याला कारण उरत नाही. दोन्हीकडे वाचणे थांबते. ‘कशावरून?’ या एका शब्दाने मात्र मुलाला पुस्तकाचे पान पुन्हा उलटावे लागते, बोट ठेवून ओळ शोधावी लागते, आणि ओळ सापडली नाही तर आपले म्हणणे मागे घ्यावे लागते. ‘निपुण भारत’ हे केंद्र सरकारचे २०२१ चे अभियान आकलनासह वाचन आणि अंकज्ञान यांसाठी आहे; ते आकलन याच उलटलेल्या पानावर घडते, असे मी पस्तीस वर्षांच्या नोकरीनंतर म्हणते.

तुझ्याच वर्गातल्या एका मुलाने ‘मिनी एकटी आहे, कारण तिला आई नाही’ असे लिहिले आहे आणि त्यालाही पूर्ण गुण देऊन टाकावेत का, असे तू विचारतेस. मुळीच देऊ नकोस. मिनीला आई आहे. तीच तर रहमतकडे संशयाने पाहते आणि त्याच्यावर नजर ठेवा म्हणून नवऱ्याच्या मागे लागते. त्या मुलाला विचार, ‘कशावरून?’ तो पान शोधेल, आई त्याला तिथे भेटेल आणि तो स्वतःच उत्तर खोडेल. त्यात त्याचा अपमान नाही. मुलाला चुकीच्या समजुतीत गोंजारत ठेवणे मला अधिक अपमानाचे वाटते.

आता त्या मुलीचे उत्तर याच कसोटीला लावून पाहा. रवींद्रनाथांनी १८९२ मध्ये लिहिलेल्या या कथेत रहमत दरवर्षी माघ महिन्यात उधारी वसूल करून आपल्या मुलखात जातो. म्हणजे वर्षाचे उरलेले महिने त्याची लेक बापाविना आहे, हे ओळीतच आहे. नंतर तुरुंगवास येतो, त्याची कितीतरी वर्षे जातात, आणि सुटल्यावर तो मिनीच्या लग्नाच्या दिवशी दारात उभा राहतो. सदऱ्याच्या आतून एक मळका कागद काढून तो जपून उलगडतो. त्यावर फोटो नाही, चित्र नाही, फक्त काजळी लावून उमटवलेला एका लहान हाताचा ठसा आहे. तो हात कोणीतरी धरून कागदावर दाबला असेल, म्हणजे बाप निघण्यापूर्वी ती जवळ होती आणि तो निघाल्यावर मागे राहिली. एकटेपणा लेखकाने बापाचा सांगितला आहे, मुलीचा सांगितलेला नाही. पण तो त्याच कागदावरून कळतो. शब्दांत असलेले, शब्दांवरून कळणारे आणि आपल्या पदरचे घातलेले, यांत फरक करता येणे यालाच मी वाचता येणे म्हणते. तुझी ही विद्यार्थिनी दुसऱ्या पायरीवर उभी आहे आणि तिचे शिक्षक अजून पहिलीवर गुण मोजत आहेत. कठोर लिहिले, पण ते मागे घेणार नाही.

मी हे इतक्या हट्टाने सांगते त्याला कारण आहे. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या एका शाळेत मी हीच कथा पहिल्यांदा वर्गात घेतली. तेव्हा मी फार तयारीने शिकवत असे. टाचण काढलेले, कठीण शब्द फळ्यावर लिहिलेले, आणि गोष्ट संपताच खडूने मोठ्या अक्षरांत तात्पर्य, ‘बापाचे प्रेम सगळीकडे सारखेच असते’. मुले ते उतरवून घेत होती. मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला आणि विचारले, ‘‘बाई, मिनीनं त्याला ओळखलं का?’’ मी म्हणाले, ‘‘ते महत्त्वाचं नाही. तात्पर्य लिहून घे.’’ त्याने हात खाली घेतला. वर्ष संपेपर्यंत तो हात पुन्हा वर गेला नाही.

त्याचे आईवडील दरवर्षी दिवाळीच्या सुमारास मुकादमाच्या टोळीबरोबर ऊसतोडीला जात. अंगावरची धाकटी बहीण त्यांच्याबरोबर जाई, हा आजीपाशी राहत असे. पुढे त्याच्या आजीकडून मला कळले की आदल्या वर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास टोळी परतली तेव्हा त्याने धावत जाऊन बहिणीला उचलले, आणि ती अनोळखी माणसाने घेतल्यासारखी रडू लागली. सहा महिन्यांत ती त्याला विसरली होती. आता कथेचा शेवट आठव. नवरीच्या वेषातली मिनी पाहून रहमत थबकतो, जुना ‘सासरी जाणार का?’ हा थट्टेचा प्रश्न विचारतो, ती लाजून तोंड फिरवते, आणि ती निघून गेल्यावर तो सुस्कारा टाकून जमिनीवर बसतो, कारण आपली लेकही अशीच मोठी झाली असेल, तिच्याशी पुन्हा नव्याने ओळख करावी लागेल, हे त्याला त्या क्षणी उमगते. मिनीने त्याला ओळखले की नाही, हे लेखकाने स्पष्ट सांगितलेले नाही. दोघांची मैत्री होती, पण ती एकाच्याच आठवणीत उरली असावी. त्या बारा वर्षांच्या मुलाने कथेच्या नेमक्या त्या जागेवर बोट ठेवले होते, आणि मी त्याला तात्पर्य उतरवायला लावले. मी त्या वेळी ‘तुला काय वाटतं, आणि कशावरून?’ एवढेच विचारायला हवे होते. त्यानंतर मी या कथेचे तात्पर्य फळ्यावर कधी लिहिले नाही.

पुढच्या वर्षी मी चुलीवरच्या तव्याची काजळी डबीत भरून वर्गात नेली. प्रत्येकाने शेजाऱ्याचा तळवा धरून कागदावर ठसा घेतला, घडी घातली आणि तो कागद आठवडाभर खिशात बाळगला. सोमवारी उघडले तर बहुतेकांच्या कागदावर काळा डाग तेवढा उरला होता. बोटे ओळखू येत होती ती फक्त एका मुलीच्या कागदावर, कारण तिने तो पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत धरून ठेवला होता. ‘‘मग रहमतनं कसा ठेवला असेल, बाई?’’ असे तिनेच विचारले आणि सगळ्यांनी ‘जपून उलगडला’ हे शब्द पुन्हा शोधून वाचले. त्या कथेला माझे तीन आठवडे गेले. तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरेबुकात ‘अभ्यासक्रम मागे आहे’ असा शेरा लिहिला, आणि तो खरा होता. पण त्या मुलांना मी पुढे दोन वर्षे शिकवले; न वाचलेला मजकूर हातात दिला तर ती विचारण्याआधीच ‘याच्यावरून’ म्हणून ओळ दाखवत. त्या शेऱ्याचे मला तेव्हाही वाईट वाटले नाही आणि आजही वाटत नाही. मुलांनी घाईने उरकलेल्या वीस पाठांपेक्षा मला ती एक गोष्ट प्यारी आहे.

आणखी एक सांभाळ. तुझ्या पत्रात ओझरता उल्लेख आहे की त्या मुलीचे आईवडीलही ऊसतोडीला जातात. त्यामुळे तिला ‘आईबाबा गेल्यावर तुला कसे वाटते?’ असे विचारण्याचा मोह तुला होईल. भर वर्गात तर विचारू नकोसच, एकटीला गाठूनही विचारू नकोस. ती स्वतःबद्दल बोललेली नाही, रहमतच्या मुलीबद्दल बोलली आहे, आणि तो आडोसा तिने निवडला आहे. ‘कशावरून?’ हा प्रश्न पानाकडे बोट दाखवतो, मुलाच्या घराकडे नाही, म्हणून तो मला इतका जवळचा आहे. तिला त्या लेकीबद्दल जे सांगायचे असेल ते काजळीच्या ठशाबद्दल बोलताना ती सांगेल. त्यातले तिचे स्वतःचे किती, याचा हिशेब आपण मांडायचा नाही.

टोळ्या पुढच्या आठवड्यात निघतील असे तू लिहिले आहेस. त्याआधी हे कर. तिच्या उत्तरापुढे तू फुली मारलेली नाहीस, लाल शाईने प्रश्नचिन्ह केले आहेस. ते राहू दे. त्याच्यापुढे ‘कशावरून?’ असे लिही, खाली अर्धे पान मोकळे सोड, कथेची प्रत तिच्या हातात दे आणि वही तिला घरी नेऊ दे. काय लिहून आणते ते मला कळव. तिची हरकत नसेल तर तिच्याच शब्दांत उतरवून पाठव.

तुझी,
बाई