मांजराच्या कानात काळा मळ येतो, सारखं डोकं झटकतं. कोमट खोबरेल तेल घालू का?

नका घालू. तुमचं पिल्लू सहा महिन्यांचं, दोन्ही कान खाजवतं आणि आत काळा कोरडा मळ आहे, असं तुम्ही लिहिलंय. डॉक्टरांनी कान आतून पाहीपर्यंत तेल, हायड्रोजन पेरॉक्साइड, माणसांचे ड्रॉप्स यातलं काहीच नको. मांजराच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आत वळते. पडदा त्या वळणापलीकडे असतो, त्यामुळे तो शाबूत आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. फाटलेला असला तर जेंटामायसिनसारखं औषध आतल्या कानात उतरून बहिरेपण आणू शकतं.

कॉफीच्या चोथ्यासारखा मळ, तोही दोन्ही कानांत, आणि वय लहान, म्हणजे बहुधा कानातले माइट्स, डोळ्यांना जेमतेम दिसणारे परजीवी. थोडा मळ काळ्या कागदावर झटकून भिंगातून पाहा. टाचणीच्या टोकाहूनही बारीक पांढरे ठिपके सरकताना दिसले तर तेच. दिसले नाहीत म्हणून मात्र ते नाहीतच असं धरू नका.

अंड्यातून पूर्ण वाढलेला माइट व्हायला साधारण ३ आठवडे लागतात. त्यामुळे चार दिवसांत खाज थांबली तरी औषध मध्येच सोडायचं नाही. घरातल्या बाकीच्या मांजरांना आणि कुत्र्यालाही उपचार लागतात. आपल्याकडे गोव्यात बलकांवात, म्हणजे घरापुढच्या बसायच्या ओट्यावर, दुपारी मासळीच्या वासाने वस्तीतली चार मांजरं येऊन बसतात आणि आपलं त्यांच्यात लोळतं, तिथूनच हे परत येतं. डॉक्टर बहुतेक वेळा मानेवर लावायचं सेलामेक्टिन हे औषध देतात, वजन बघून. कुत्र्याचं गोचिडांचं औषध थोडं थोडं वापरू, असा विचारही करू नका. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असलं तर मांजराला झटके येतात, जीवही जातो.

पावसाळ्यात गोव्यातल्या दमट हवेत मळ ओलसर, तपकिरी आणि आंबूस वासाचा झाला तर यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, वाढलेलं असू शकतं. त्याचं औषध वेगळं, म्हणून मी तपासणीचा एवढा आग्रह धरतोय.

डॉक्टरांनी साफ करायला सांगितलं की पिल्लाला टॉवेलात गुंडाळा, फक्त डोकं बाहेर. त्यांनी दिलेलं द्रावण हातात धरून थोडं कोमट करा, कानात सोडा आणि कानाच्या मुळाशी बोटांनी हळू चोळा. आत पचपच आवाज येतो. मग सोडून द्या, ते स्वतःच डोकं झटकतं आणि सुटलेला मळ वर येतो. जेवढा दिसतो तेवढाच कापसाने टिपा. इअरबड नळीत घालू नका, मळ आणखी खाली ढकलला जातो.

मान एका बाजूला कलली, चालताना तोल गेला, डोळ्यांची बुबुळं आपोआप हलू लागली किंवा कानाची पाळ एकदम फुगून मऊ लागली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पाळ फुगणं म्हणजे खाजवून खाजवून आत रक्त साठलेलं असतं.

मांजर पांढरं असेल तर आणखी एक. आपल्या उन्हात त्यांच्या कानांची टोकं भाजतात. तिथली खपली भरत नसेल तर ती कर्करोगाची सुरुवात असू शकते, तीही दाखवून घ्या.

दवाखान्यात नेण्याआधी कान पुसू नका. तोच मळ डॉक्टरांना सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा असतो.