खोक्यावरचे ल्युमेन, पडद्यावरचे ल्युमेन
वाचकांचे प्रश्न : प्रोजेक्टर

प्रश्न : '९००० ल्युमेन' छापलेला छोटा एलईडी प्रोजेक्टर घेतला. ३००० ल्युमेनचा जुना प्रोजेक्टर त्याच्याहून कितीतरी उजळ दिसतो. हे उलटं कसं?

उत्तर : ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप, पण दोन्ही आकडे एकाच गोष्टीचे नाहीत. जुन्यावर बहुधा 'अ‍ॅन्सी ल्युमेन' असं लिहिलेलं सापडेल. त्या पद्धतीत पूर्ण पांढरं चित्र पडद्यावर सोडतात, त्याचे तीन गुणिले तीन असे नऊ सारखे भाग पाडतात आणि प्रत्येक भागाच्या मध्यावर लक्स (दर चौरस मीटरवर पडणारा उजेड) मोजतात. नऊ आकड्यांची सरासरी गुणिले चित्राचं चौरस मीटरमधलं क्षेत्रफळ, म्हणजे ल्युमेन. 'आयएसओ ल्युमेन'ही असाच नऊ बिंदूंवर मोजतात. भिंगातून बाहेर पडून पडद्यापर्यंत पोचलेला उजेड तेवढा यात धरला जातो.

'एलईडी ल्युमेन' किंवा 'लाइट सोर्स ल्युमेन' हा आतल्या दिव्याचा आकडा. स्वस्त यंत्रात एकच एलसीडी पॅनेल (चित्र घडवणारी काच) असतं. त्याची ध्रुवक फिल्म (एकाच दिशेने कंपणारा उजेड पुढे सोडणारी) निम्म्याहून जास्त उजेड अडवते, उरलेल्यातला दोन-तृतीयांश रंगगाळण्यांत जातो आणि मग भिंगाचा वाटा वेगळाच. नुसतं 'ल्युमेन' लिहिलेला आकडा कधीकधी कशाचाच नसतो.

घरी पडताळून पाहता येतं. १०० इंची (हे माप कर्णाचं), १६:९ चित्र २.२१ मीटर रुंद आणि १.२५ मीटर उंच असतं, म्हणजे २.७६ चौरस मीटर. खोली पूर्ण काळोखी करा, इको मोड (उजेड कमी करून वीज वाचवणारा) बंद ठेवा आणि लक्समीटरचा डोळा प्रोजेक्टरकडे करून नऊ जागी मोजा. सरासरी १८० लक्स आली तर यंत्र सुमारे ५०० ल्युमेनचं आहे. मोबाइलचं अ‍ॅप इथे फारसं भरवशाचं नाही. दोन यंत्रांची तुलना करण्यापुरतं चालेल.

आणखी एक फसगत : काही डीएलपी (सूक्ष्म आरशांनी चित्र घडवणाऱ्या) प्रोजेक्टरांच्या रंगचक्रात, म्हणजे फिरत्या रंगीत काचांच्या चाकात, लाल, हिरव्या, निळ्यासोबत पारदर्शक फाकही असते. तिने पांढरा रंग फुगतो, बाकीचे रंग नाहीत. लाल, हिरवं, निळं चित्र एकेक करून मोजा. तिघांची बेरीज पांढऱ्याच्या बरीच खाली राहिली, तर रंगीत चित्र त्या ल्युमेनच्या मानाने मळकट दिसणारच.

प्रश्न : कॉन्ट्रास्ट (पांढऱ्याचं काळ्याशी गुणोत्तर) १०,०००:१ लिहिलंय, तरी दिवसा काळा रंग राखाडी का दिसतो?

उत्तर : प्रोजेक्टर काळा रंग 'टाकू' शकत नाही, तिथे तो फक्त उजेड टाकत नाही. त्यामुळे खोलीचा उजेड पडलेला पडदा जेवढा उजळ, तेवढाच तुमचा काळा. यंत्राचे १८० लक्स आणि खोलीचे १०० धरले, तर पांढरा २८०, काळा १००. उरला २.८:१. खोक्यावरचा आकडा सहसा आधी पूर्ण पांढरं, मग पूर्ण काळं चित्र दाखवून मोजलेला असतो. पांढऱ्या-काळ्या चौकटी एकाच वेळी दाखवून मोजलेलं अ‍ॅन्सी कॉन्ट्रास्ट त्याहून पुष्कळ कमी भरतं. पैसे आधी पडद्यांवर (खिडक्यांच्या!) घाला.

प्रश्न : खोली ३.६ मीटर लांब आहे. १०० इंची चित्र बसेल का?

उत्तर : थ्रो रेशो पाहा. भिंगापासून पडद्यापर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी. कर्ण इथे कामाचा नाही. चूक नेमकी तिथेच होते. ३.६ मधून यंत्राची लांबी, मागच्या केबल आणि गरम हवेला जागा मिळून अर्धा मीटर वजा करा. राहिले ३.१. भागिले २.२१, म्हणजे १.४. झूमचा पल्ला १.२ ते १.५ असेल तर निर्धास्त घ्या. झूम नसलेला १.५ चा प्रोजेक्टर याच अंतरावर २.०७ मीटर रुंद, म्हणजे ९४ इंचांच्या आसपास चित्र देईल. ०.२५ चा अल्ट्रा शॉर्ट थ्रो (अगदी जवळून चित्र टाकणारा) ५५ सेंटिमीटरवरून १०० इंच भरतो, पण त्याचा उजेड इतका तिरपा येतो की पडद्याची बारीक सुरकुतीही चित्रात लाटेसारखी दिसते. त्याला ताणलेला, सपाट पडदाच हवा.

प्रश्न : कीस्टोनने चित्र चौकोनी झालं, पण अक्षरं फुटतात.

उत्तर : कीस्टोन (तिरक्या चित्राची दुरुस्ती) भिंगाला हात लावत नाही. ते पॅनेलवरचंच चित्र उलट्या बाजूने निमुळतं करतं. कडेचे पिक्सेल वाया जातात, उरलेल्यांत चित्र कोंबलं जातं आणि एका पिक्सेलची रेघ दोघांत वाटली जाते. लेन्स शिफ्टमध्ये भिंग सरकतं, पिक्सेल शाबूत राहतात.

आधी ऑटो कीस्टोन बंद करा आणि कीस्टोन शून्यावर आणा. जाळीचं चित्र लावा. डावी-उजवी कड टेपने मोजा. डावी मोठी असेल तर यंत्र डावीकडे वळलेलं आहे. मग वरची-खालची कड मोजा. वरची मोठी असेल तर तोंड वर झालंय. तोंड खाली करून सरळ केल्यावर चित्र खाली येईल, तेव्हा यंत्रच उंच न्या. छताला उलटं टांगणार असाल तर मेन्यूत 'सीलिंग' निवडा. फोकस सगळ्यात शेवटी, यंत्र अर्धा तास चालू राहिल्यावर. तापलेलं भिंग थोडं सरकतं.

प्रश्न : '४के सपोर्ट' म्हणजे ४के का?

उत्तर : नाही. सिग्नल स्वीकारतो, एवढंच. 'नेटिव्ह रिझोल्यूशन' (पॅनेलवरचे खरे पिक्सेल) विचारा. ते ८५४ गुणिले ४८० सुद्धा निघू शकतं. १०८० चा दावा तपासायला एक पिक्सेल काळी, एक पांढरी अशा उभ्या रेघांचं १९२० गुणिले १०८० चित्र लावा. कीस्टोन शून्य आणि ओव्हरस्कॅन (कडा कापून चित्र मोठं करणं) बंद ठेवून जवळून सगळ्या रेघा सुट्या दिसल्या तर दावा खरा, जाड-बारीक पट्टे उमटले तर खोटा. पिक्सेल शिफ्टवाले ४के हा वेगळा प्रकार : १०८० चं पॅनेल दर फ्रेममध्ये चार जागी हलवून ८३ लाख ठिपके रेखाटतं. सिनेमाला ते उत्तम चालतं, बारीक अक्षरांना किंचित कमी पडतं.

प्रश्न : चित्रात निळसर धूसर डाग कायम एकाच जागी दिसतो.

उत्तर : फोकस हलवून पाहा. चित्र पुसट होताना डाग रेखीव झाला, तर धूळ एलसीडी पॅनेलजवळ बसली आहे. भिंग पुसून ती जाणार नाही. यंत्र उघडून आतला भाग साफ करावा लागेल, आणि हवेची गाळणी फाटली असेल तर तीही बदलावी लागेल, नाहीतर डाग परत येईल.